हापशीच्या पाण्यात फ्लोराइड निघालं तेव्हापासून

मागच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या दोन बाया पत्ता विचारत घरी आल्या. त्यांच्या शाळेजवळच्या हापशीला, पाणी पिऊ नका म्हणून, कोणीतरी लाल रंग मारून गेलं होतं. त्यापुढं काय करायचं, ते कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला तरी कुठं कोणी सांगितलं होतं? टेबलाटेबलावर फिरत शिकलो. त्या बायांना जे सांगितलं तेच इथं क्रमानं लिहून ठेवते.

आमचं गाव पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. गावाचं, तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या कार्यालयांत फिरलो तिथल्या माणसांशी पुढंही काम पडणारच आहे. गावाचे दोन भाग आहेत, एक मोठं गाव आणि दुसरी नाल्यापलीकडची आमची टोली. टोलीत पन्नासेक घरं. बहुतेक मजुरी करणारी, काहींची थोडी कोरडवाहू जमीन, त्यात कापूस नि तूर. मोठ्या गावात जुनी सार्वजनिक विहीर आहे. टोलीत एकच हापशी, तिला आमच्याकडं बोरिंगच म्हणतात. भर मे महिन्यातही ती आटत नाही. टँकरच्या यादीत टोलीचं नाव कधी आलं नाही ते तिच्यामुळंच, आणि टोलीला त्याचा मोठा अभिमान. पाण्याची ओरड नव्हती, म्हणून पाण्याची चौकशीही नव्हती.

जलजीवन मिशन म्हणजे घरोघरी नळ द्यायची सरकारी योजना. तिच्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवतात. आमच्या बचत गटातून माझं नाव गेलं. पंचायत समितीच्या सभागृहात प्रशिक्षण झालं, चहा-पोहे मिळाले आणि येताना हातात एक पेटी दिली. त्यात छोट्या बाटल्या, काचेच्या नळ्या आणि रंगांचा तक्ता. पेटी काही दिवस फडताळावर पडून होती. मे २०२४ मध्ये आम्ही तिघी जणींनी ती उघडली.

फ्लोराइडची तपासणी अवघड नाही. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, रसायनाचे सांगितले तेवढे थेंब टाकायचे, हलवून थोडं थांबायचं आणि तक्त्याशी रंग जुळवायचा. आमच्या पेटीतल्या रसायनाचा रंग फ्लोराइड कमी असलं तर गुलाबी राहतो, जास्त असलं की पिवळ्याकडं जातो. मोठ्या गावातल्या विहिरीचं पाणी गुलाबीच राहिलं. टोलीच्या बोरिंगचं पाणी मात्र डोळ्यांदेखत नारिंगी झालं आणि मग वरणाच्या वरच्या पाण्यासारखं पिवळट. दुसऱ्या नळीत करून पाहिलं. तिसरीनं तिच्या हातानं केलं. तेच. एक गोष्ट सांगते, रंग सावलीत आणि पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा. उन्हात पिवळा नि नारिंगी सारखेच दिसतात.

त्या संध्याकाळी माझ्या मुलीला तोंड उघडायला लावलं आणि बॅटरी धरून बघत बसले. पुढच्या दोन दातांवर आडवे, खडूच्या रंगाचे पट्टे. एका दाताच्या कडेला तपकिरी डाग. हे मी रोज पाहत होते. टोलीतल्या निम्म्या पोरांचे दात असेच, आणि शाळेत त्यांना नेहमी एकच बोलणं बसायचं, ‘दात घासत जा रे.’ दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं तर हे डाग पडतात. एकदा पडले की कितीही घासा, जात नाहीत.

पण पेटीतल्या रंगावर कोणी काही करत नाही. तो इशारा असतो, पुरावा नाही. पुरावा म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल. पाण्याच्या प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडं असतात, जिल्ह्याला एक आणि खाली उपविभागीय. नमुने नेण्याचं काम गावातल्या जलसुरक्षकाचं. आमच्या जलसुरक्षक भाऊंना विचारलं तर म्हणाले, ‘निवडणूक चालू आहे ताई, आता कोणी हातात घेत नाही.’ मतदान आमच्याकडं एप्रिलमध्येच झालं होतं, पण लोकसभेची आचारसंहिता ६ जूनपर्यंत होती. प्रयोगशाळेचा आणि आचारसंहितेचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी भाऊंसोबत स्वतः गेले. नमुना घ्यायची रीत नीट पाळा, नाहीतर परत पाठवतात. हापशी आधी पाच मिनिटं चालवायची. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्यायची, त्याच पाण्यानं तीनदा विसळायची आणि काठोकाठ भरून झाकण घट्ट लावायचं. जंतू तपासायचे असतील तर वेगळी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते, आणि ती बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवावी लागते. बाटलीवर गाव, वस्ती, स्रोताचा प्रकार, तारीख आणि वेळ लिहायची. ‘वस्ती’ विसरू नका. नुसतं गावाचं नाव लिहिलं की मोठ्या गावातल्या विहिरीचा चांगला अहवाल तुमच्या गळ्यात पडतो.

एस.टी.चं भाडं बायांना २०२३ पासून अर्धं आहे, त्यामुळं जाणं-येणं फार महाग पडलं नाही. खरा खर्च बुडालेल्या मजुरीचा. जून म्हणजे सरकी लावायचे दिवस, एक दिवस घरी बसलं तरी जाणवतं.

प्रयोगशाळेतल्या मॅडम भल्या होत्या. त्यांनी पावती दिली आणि म्हणाल्या, ‘ताई, हा नमुना क्रमांक सांभाळा. पुढं सगळं याच्यावरच चालतं.’ तेव्हा मी नुसती मान हलवली होती. पुढं तसंच झालं.

अहवाल जुलैत आला. फ्लोराइड २.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० आहे. त्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा १.० आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायची कमाल मर्यादा १.५. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही भागांत ही अडचण जुनी आहे, ते नंतर कळलं. खडकातलंच फ्लोराइड पाण्यात उतरतं. खोल बोरचं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं, म्हणून कितीदा असं होतं की उथळ विहीर चांगली निघते आणि तिच्या जवळचंच बोर वाईट. मे महिन्यातही न आटणारी आमची बोरिंग!

अहवाल टोलीत वाचून दाखवला. पहिला प्रश्न आला, ‘उकळून पेलो त?’ हे सगळ्यांनी नीट ऐका. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराइडचं प्रमाण थोडं वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यानं जंतू मरतात, फ्लोराइडला काही होत नाही. कापडानं गाळून किंवा साध्या मेणबत्तीच्या फिल्टरनंही नाही. आरओनं कमी होतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून काढायची पद्धत शोधली आहे, तिला नालगोंडा पद्धत म्हणतात. पण तुरटीचं प्रमाण पाणी तपासून ठरवावं लागतं, घरी अंदाजानं टाकायची ती गोष्ट नाही.

सासूबाई भडकल्या. ‘आमचा जलम गेला हेच पानी पेता पेता. तुमची शाई पिवळी झाली त आमी बोरिंग बंद करावं काय?’ त्यांच्या वयाच्या सगळ्यांचंच हे म्हणणं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर टोलीत आले. त्यांनी म्हाताऱ्या माणसांना तीन गोष्टी करायला सांगितल्या. हनुवटी छातीला लावा, वाकून पायाची बोटं धरा, दोन्ही हात डोक्यामागं न्या. सासूबाईंची हनुवटी छातीपासून चांगली चार बोटं वर थांबली. त्यांनी पुन्हा जोर लावला. मग पदर सावरून म्हणाल्या, ‘म्हातारपन आहे.’ डॉक्टरही म्हणाले, म्हातारपण असू शकतं, नुसत्या यावरून ठरत नाही, एक्स-रे आणि लघवीची तपासणी लागते. फ्लोरोसिससाठी २००८-०९ पासून केंद्राचा वेगळा कार्यक्रम आहे आणि बाधित जिल्ह्यांत तो चालतो, हे त्यांच्याकडूनच समजलं. तुमच्या आरोग्य केंद्रात विचारा. पोरांच्या जेवणात दूध, पालेभाज्या, आवळा, लिंबू वाढवा, असंही ते म्हणाले. पावसाळ्यात आमच्याकडं तरोटा फुकट उगवतो. दुधाचं तेवढं कठीण.

दरम्यान ग्रामपंचायतीनं बोरिंगला लाल रंग मारला. लाल म्हणजे पिऊ नका. पण मग काय प्यायचं? रंग मारणाऱ्याला हे विचारलं तर तो म्हणाला, माझ्याकडं फक्त रंगाचं काम आहे. धुण्याभांड्यासाठी बोरिंग चालू ठेवणं बरोबरच होतं, मात्र हापसणारा हात पिण्याचं नि धुण्याचं पाणी वेगळं करत नाही. काही घरांनी आरओचे जार लावले, वीस लिटरला वीस रुपये, टोलीपर्यंत आणून दिला तर तीस. त्या जारच्या पाण्याचा अहवाल मागितला तर जारवाला हसला. बाकीच्या बाया नाला ओलांडून मोठ्या गावातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. तिथं आमच्या घागरींचा नंबर उशिरा लागतो. का, ते इथं लिहीत नाही. आपल्या भागात वाढलेल्याला सांगावं लागत नाही.

१५ ऑगस्टची ग्रामसभा धरायची असं ठरलं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे, पण बहुतेक गावांत ती रजिस्टरातच होते. आम्ही ग्रामसेवकांना आधीच लेखी पत्र दिलं (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात), त्यामुळं ती खरोखर घ्यावी लागली. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. टोलीतून आम्ही सगळे गेलो तेव्हा ती कशीबशी भरली. बाया पुढं बसल्या. पहिला तास झेंडा नि भाषणांत गेला. आमचा विषय आला तेव्हा निम्मी माणसं उठायच्या बेतात होती.

ठराव कसा लिहून घ्यायचा, हे मला माझ्या भाच्यानं शिकवलं. तो तालुक्याच्या अभ्यासिकेत परीक्षेची तयारी करतो. ‘टोलीला शुद्ध पाणी मिळावे’ असा ठराव कचऱ्यात जातो, म्हणाला. आम्ही असा लिहून घेतला: अमुक क्रमांकाच्या नमुन्याच्या अमुक तारखेच्या अहवालानुसार टोलीतील हातपंपाचे पाणी पिण्यास अयोग्य आहे, नळयोजनेचे पाणी टोलीस द्यावे, तोपर्यंत पिण्याच्या पाण्याची पर्यायी सोय करावी. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक. प्रत लगेच मागा आणि सही-शिक्का तिथंच घ्या. आम्हाला ती मिळाली पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात.

मग पंचायत समिती. गटविकास अधिकारी म्हणाले, हा विषय पाणीपुरवठा उपविभागाचा. उपविभागाचे साहेब म्हणाले, गावात जलजीवनची योजना झाली आहे, आता ती ग्रामपंचायतीची जबाबदारी. सरपंच म्हणाले, योजना आमच्याकडं हस्तांतरितच झालेली नाही, ठेकेदाराचं बिल अडकलंय, काम अर्धवट आहे. तिघांचंही बोलणं आपापल्या परीनं खरं होतं. गावात टाकी उभी होती. मोठ्या गावात नळ पोचले होते. पाइप नाल्याच्या अलीकडं येऊन थांबला होता, तोंडाला बूच लावलेला. आणि भाच्यानं मोबाइलवर मिशनचं पान उघडून दाखवलं तर त्यात आमच्या गावातल्या सगळ्या घरांना नळ दिल्याची नोंद. माझ्या घरालाही.

पाण्याचा प्रश्न घेऊन निघालेल्याला माझं पहिलं सांगणं हेच, की योजना हस्तांतरित झाली की नाही, हे आधी लेखी मिळवा. ते कळेपर्यंत कोणाच्या दारात बसायचं तेच ठरत नाही आणि चपला झिजतात.

लेखी मिळवायला माहिती अधिकार. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांना अर्ज टाकला. जोडपत्र ‘अ’, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही, कार्डाची प्रत जोडायची. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, महाराष्ट्राचा तसा नियम आहे. ‘का दिलं नाही’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, असलेल्या कागदाची प्रत द्यायला आहेत. आम्ही मागितलं ते एवढंच: मंजूर अंदाजपत्रक, पाइपलाइनचा नकाशा, मोजमाप पुस्तिकेची (झालेलं काम मोजून लिहितात ती वही) पानं आणि हस्तांतरणाचं पत्र असल्यास त्याची प्रत. अर्ज स्पीड पोस्टानं टाका किंवा आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. भलत्याच कार्यालयात गेला तरी घाबरायचं कारण नाही, पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची असते.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं होतं. आलं नाही. ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पुन्हा सगळे इलेक्शन ड्यूटीवर. माहितीच्या अर्जाला आचारसंहिता आडवी येत नाही, पण खुर्चीत माणूसच नसेल तर कायदा कोणाला वाचून दाखवणार? प्रथम अपील केलं, जोडपत्र ‘ब’ आणि वीस रुपयांचं तिकीट.

ते महिने फार जड गेले. कापूस फुटला होता. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झाली, वेचणी सुरू झाली. माझ्यासोबत येणाऱ्या बायांना शेतात जाणं भाग होतं. वेचणीची मजुरी किलोवर असते; तालुक्याला गेलं की त्या दिवसाचे किलो गेले. ‘तुझं पाणी कुठवर आलं वं?’ असं कोणी विचारलं की राग यायचा. ‘तुझं’ पाणी! एकदा वाटलं सोडून द्यावं, घरापुरता आरओ लावावा आणि गप्प बसावं. हप्त्यावर मिळतो, चौकशीही करून ठेवली होती. पण टोलीत वीज तासन्‌तास नसते, आणि आरओचं वाया जाणारं पाणी पाहून सासूबाईंनी मलाच घराबाहेर काढलं असतं.

डिसेंबरात अपिलाची सुनावणी झाली. तिथं बसलेल्या साहेबांनी आमच्यासमोरच कनिष्ठ अभियंत्यांना सांगितलं, यांना फाइल दाखवा. राज्याचा २०१८ चा एक शासन निर्णय आहे. त्यानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कार्यालयातले अभिलेख पाहता येतात. हे आधी माहीत असतं तर हिवाळा वाचला असता, असं भाचा म्हणाला. मला वाटत नाही. अपिलाचा कागद हातात नसताना फाइल सापडली नसती.

सोमवारी गेलो. फाइल जाड, नाडीनं बांधलेली. कारकून भाऊंनी टेबलावर ठेवली आणि चहाला निघून गेले. भाचा पानं उलटत होता, मी नकाशा उलगडला. नकाशात आमचा नाला होता. नाल्यावरून जाणारी लाइनही होती, आणि नाल्यापलीकडं छोट्या छोट्या चौकोनांत आमची टोली. अंदाजपत्रकात एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपची लांबी वेगळी लिहिलेली आणि नाला ओलांडण्यासाठी लोखंडी पाइपची वेगळी. मोजमाप पुस्तिकेत मात्र काम नाल्याच्या अलीकडं संपलेलं. म्हणजे टोली वगळलेली नव्हतीच. मंजूर होती, फक्त केलेली नव्हती. हस्तांतरणाचं पत्र फाइलमध्ये नव्हतं.

फाइल पाहिली त्या दिवशी सगळं प्रकरण फिरलं. तोवर आम्ही नवीन काहीतरी मागतोय असं सगळे समजत होते, आम्हीसुद्धा. नवीन मागणी म्हटली की निधी, मंजुरी, आराखडा, पुढचं वर्ष. मंजूर काम अपुरं आहे म्हटलं की समोरच्यालाच उत्तर द्यावं लागतं. पानाला दोन रुपये भरून हव्या त्या प्रती घेतल्या आणि गुरुजींकडून त्यांची यादी स्वच्छ अक्षरात करून घेतली.

नंतरचा टप्पा लोकशाही दिन, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांपुढं तक्रार मांडायचा दिवस. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात असतो. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, ऐनवेळी गेलेल्याला नुसतं बसवून ठेवतात. आमचा नंबर ३ फेब्रुवारी २०२५ चा होता.

अर्जाचा पहिला मसुदा भाच्यानं केला होता. त्यात संविधानाचं कलम २१ होतं. पाण्याचा हक्क संविधानात त्या शब्दांत लिहिलेला नाही, पण जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ च्या सुभाष कुमार खटल्यात म्हटलंय. २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पाणी हा मानवी हक्क मानला, तेही होतं. वाचून मला बरं वाटलं. आपण भीक मागत नाही, हे कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहिलंय असं वाटलं. पण पंचायत समितीत हाच मजकूर दाखवला तेव्हा तिथले बाबू गालात हसले होते, आणि नमुना क्रमांक सांगितल्यावर त्यांनीच वही उघडली होती. म्हणून मसुदा उलटा केला. वर नमुना क्रमांक, ठराव क्रमांक, अंदाजपत्रकाचं पान, मोजमाप पुस्तिकेचं पान. खाली मागण्या. कलम २१ शेवटच्या ओळीत. ते काढलं मात्र नाही.

दोन मागण्या ठेवल्या. एक, मंजूर लाइन पूर्ण करा. दुसरी, तोवरची सोय. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत फ्लोराइड असलेल्या वस्तीला नळ येईपर्यंत पिण्या-स्वयंपाकापुरतं माणशी रोज ८ ते १० लिटर शुद्ध पाणी देण्याची तरतूद आहे. नळ आल्यावर ५५ लिटर. हे आकडे पाठ असलेले बरे, कारण समोरचे ‘देऊ ना पाणी’ म्हणतात, किती ते म्हणत नाहीत.

सकाळी दहापासून बसलो, दुपारनंतर नाव पुकारलं. आत दोन-तीन मिनिटंच मिळाली. मी बोलायला सुरुवात केली आणि आवाजच फुटेना. सोबतच्या काकूंनी सरळ माझ्या पोरीचा फोटो पुढं केला, दात दाखवणारा. मोठ्या साहेबांनी तो पाहिला, मग नकाशाची प्रत पाहिली, आणि बाजूच्या अभियंत्यांना विचारलं, ‘हे काम राहिलंय का?’ ते म्हणाले, ‘पाहून सांगतो, सर.’ संयुक्त पाहणी करून अहवाल द्या, असा शेरा पडला. त्या शेऱ्याची प्रतही मागून घ्या.

पाहणी महाशिवरात्रीच्या सुमारास झाली. तहसीलचे, पाणीपुरवठ्याचे, ग्रामपंचायतीचे असे सगळे एकाच दिवशी एका नाल्यात उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले. पंचनाम्यावर टोलीतल्या बायांच्या सह्या घ्यायला लावल्या. उन्हाळ्यासाठी टोलीजवळच्या एका शेतकऱ्याची विहीर अधिग्रहित केली; टंचाईच्या उपाययोजनांत ती सोय असते आणि मालकाला मोबदला मिळतो. आमचा हट्ट एवढाच होता की त्या विहिरीचं पाणी आधी तपासा. ०.९ निघालं. एप्रिल ते जून तिथून पाणी भरलं. जड होतं, चढावर होतं, पण पिण्याजोगं होतं.

लाइनचं काम मे महिन्यात सुरू झालं, पाऊस लागला, नाल्याला पूर आला, थांबलं. पुन्हा फोन, पुन्हा फेरे, ते लिहीत बसत नाही. २०२५ च्या पोळ्याच्या आदल्या आठवड्यात टोलीत पाणी आलं. घरोघरी नळ अजून नाहीत, तीन ठिकाणी सार्वजनिक नळ बसवलेत. दिवसाआड येतं, पाऊणेक तास, वीज असली तर. म्हणजे ५५ लिटर काही होत नाही, हिशोब केला तर निम्म्याच्या आसपास पडतं. योजनेची उद्भव विहीर, म्हणजे जिथून पाणी उचलतात ती, नदीकाठी आहे. आलेल्या पाण्याचा नमुना आम्ही पहिल्याच आठवड्यात नेला. फ्लोराइड ०.७.

बोरिंग अजून चालू आहे, ढोरांसाठी नि धुण्यासाठी. लाल रंग उडत चाललाय, तो पुन्हा मारायला पत्र दिलंय. सासूबाई चहाला अजून बोरिंगचंच पाणी घेतात, नळाच्या चहाला चव नाही म्हणतात. घरात सध्या दोन पातेल्यांत चहा होतो.

आता वाद पाणीपट्टीचा आहे. ग्रामपंचायत म्हणते टोलीनं मोठ्या गावाइतकीच भरावी. टोली म्हणते त्यांच्या घरात नळ आहे, आमच्या चौकात, निम्मी घ्या. शिवाय योजना हस्तांतरित करून घ्यायची की घरोघरी नळ होईपर्यंत अडवून धरायची, यावर पाणी समितीत दोन तट पडलेत. मी अडवून धरायच्या बाजूची आहे. ‘हर घर जल’चं, म्हणजे प्रत्येक घरी नळ आल्याचं, प्रमाणपत्र ग्रामसभेच्या ठरावाशिवाय होत नाही, आणि तो ठराव आमच्याशिवाय होणार नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय येतोय. उन्हाळ्यातला नमुना मे महिन्यात न्यायचाय, बाटल्या धुऊन ठेवल्यात. ज्यांना अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी निरोप द्यावा, गावाचं नाव आणि नमुना क्रमांक सोबत पाठवा.